शस्त्र कोणाच्या हाती? बीडचे परवाने आणि घटनेचा कौल

खंडेनवमीला बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या घरी कोयत्याला हळदकुंकू वाहिले जाते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' असेच म्हणतात. दसरा-दिवाळी आटोपली की असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि नातवंडे उरतात. सहा महिने दाराला कुलूप लावून जाणाऱ्या या घरांत बंदूक नसते आणि ती मागण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

याच जिल्ह्यात दुसरेही एक शस्त्र आहे. ते कमरेला लावले जाते, सदऱ्याखालून दिसेल असे ठेवले जाते, वाढदिवसाला आकाशाकडे रोखले जाते आणि त्याची चित्रफीत काढून गावभर फिरवली जाते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण हत्या झाली, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राचे लक्ष केज तालुक्यातील त्या गावाकडे वेधले गेले. एका पवनऊर्जा कंपनीकडून खंडणी मागण्याच्या प्रकाराशी या हत्येचा संबंध तपासयंत्रणेने आपल्या दोषारोपपत्रात जोडला. प्रकरण न्यायालयापुढे गेले; त्यातील दोषादोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु त्या हत्येनंतरच्या संतापात बीडविषयीच्या ज्या अनेक गोष्टी चव्हाट्यावर आल्या, त्यांत शस्त्रपरवान्यांची गोष्ट ठळक होती. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवानाधारक असल्याचे आकडे प्रसिद्ध झाले, हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या, गुन्हे नोंदले गेले, पोलिसांनी परवाने रद्द करण्याचे प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडले आणि शंभराहून अधिक परवान्यांवर कारवाई झाली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. देशमुख यांचा बळी बंदुकीच्या गोळीने गेलेला नाही. तो अमानुष मारहाणीने गेला. परवान्याचे पिस्तूल त्या गुन्ह्याचे साधन नव्हते. मग परवान्यांची चर्चा झाली ती का? सामान्य माणसाने त्या दोहोंमधील नाते बरोबर ओळखले म्हणून. ज्या वातावरणात एका निवडून आलेल्या सरपंचाला भरदिवसा उचलून नेता येते, ते वातावरण एका दिवसात तयार होत नाही. कमरेचे पिस्तूल चालवावे लागत नाही. ते दिसले तरी काम होते. ग्रामसभेत उभा राहू पाहणारा माणूस खाली बसतो. निविदा भरायला निघालेला ठेकेदार घरी परततो.

आकड्यांविषयीही तारतम्य हवे. २०११ च्या जनगणनेनुसार बीडची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार आहे. म्हणजे दोन हजारांहून काही अधिक माणसांमागे एक परवाना. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीत देशभरातील सुमारे ३३ लाख ६९ हजार परवान्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. त्या मापाने बीड फारच मागे आहे. तेव्हा 'बीडमध्ये घरोघरी बंदुका' अशी जी आरोळी ठोकली गेली, ती अतिशयोक्ती होती आणि एका कष्टाळू जिल्ह्यावर अन्याय करणारीही होती. संख्येपेक्षा खरा प्रश्न वेगळा आहे. हे बाराशे कोण आणि त्यांना हे शस्त्र कोणत्या कारणासाठी दिले गेले?

हा प्रश्न केवळ बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा नाही. नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे काय, या मूळ घटनात्मक प्रश्नाशी तो जाऊन भिडतो. जगातील एका मोठ्या लोकशाहीने त्याचे उत्तर 'आहे' असे दिले आहे. अमेरिकेच्या राजधानीत १९७६ पासून पिस्तूल बाळगण्यास जवळजवळ पूर्ण बंदी होती. तेथील एक सुरक्षारक्षक डिक हेलर दिवसभर सरकारी इमारतीच्या दारावर पिस्तूल लावून उभा राही. स्वतःच्या घरात मात्र त्याला ते ठेवता येत नसे. त्याच्या दाव्यावर २६ जून २००८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल दिला की घरात आत्मरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा घटनादत्त अधिकार आहे. दोन वर्षांनी शिकागोच्या ओटिस मॅक्डोनाल्ड या वयोवृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थाच्या दाव्यात तोच न्याय राज्यांना आणि शहरांनाही लागू झाला. त्याच्या घरी वारंवार चोऱ्या होत होत्या आणि गल्लीतल्या टोळ्यांकडे बेकायदा पिस्तुले होती. कायदा पाळणारा तेवढा निःशस्त्र, हे त्याचे गाऱ्हाणे होते. या गाऱ्हाण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही.

तथापि अमेरिकेचे न्यायालय तेथेच थांबले नाही. न्यूयॉर्क राज्यात घराबाहेर पिस्तूल नेण्याच्या परवान्यासाठी 'सबळ कारण' दाखवावे लागे. २०२२ साली ती अटही घटनाबाह्य ठरवण्यात आली. अधिकार बजावण्यासाठी नागरिकाने सरकारला कारण का सांगावे, असा त्यामागचा विचार. २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाला आठ विरुद्ध एक मताने सांगावे लागले की घरच्या माणसाला धोका ठरलेल्या आणि तसा न्यायालयीन आदेश झालेल्या इसमाचे शस्त्र काढून घेता येते. एकदा अधिकार म्हटला की तो कोणाकोणाचा नाही, हे एकेका खटल्यातून ठरवीत बसावे लागते.

भारताचे उत्तर याच्या नेमके उलट आहे आणि ते आळसाने किंवा भीतीने दिलेले नाही. डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत मूलभूत स्वातंत्र्यांच्या कलमावर चर्चा चालू असता हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती सुचवली की केंद्रीय कायद्याच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा अधिकार नागरिकाला असावा. कामतांची सूचना विक्षिप्त नव्हती. तिच्यामागे साठ-सत्तर वर्षांचा सल होता. लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दाव्याला बांधले आणि गोऱ्यांना मोकळे सोडले. आपल्याच देशात आपण अविश्वासार्ह ठरलो, ही बोच त्या पिढीला होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही आत्मचरित्रात राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचा कठोर शब्दांत निषेध केला आहे. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

असे असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामतांची दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांचे उत्तर दुहेरी होते. अधिकार म्हणून शस्त्र दिले तर ते चोर-दरोडेखोर आणि सराईत गुन्हेगारांसह सर्वांना द्यावे लागेल, हा पहिला भाग. दुसरा भाग अधिक खोल आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. आग्रह धरायचा तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचा नव्हे, शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा, असे बाबासाहेबांनी सांगितले. युद्ध आले, बंडाळी झाली, राज्याचे स्थैर्य धोक्यात आले तर राज्य प्रत्येक नागरिकाला शस्त्र हाती घेण्यास सांगू शकले पाहिजे. सभागृहाने कामतांची दुरुस्ती फेटाळली. आज घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. ते शांततेने आणि विनाशस्त्र. 'विनाशस्त्र' हा शब्द तेथे जाणीवपूर्वक आहे.

ही चर्चा झाली तेव्हाचा काळ बीडच्या वाचकाने तरी ध्यानात घ्यावा. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाविरुद्धची पोलीस कारवाई १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. घटना समितीतील चर्चा त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी झाली. खासगी सेनेच्या हाती शस्त्रे दिली आणि सत्तेने तिकडे डोळेझाक केली म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने रझाकारांच्या रूपाने नुकतेच भोगले होते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. अंबाजोगाईपासून लातूर हाकेच्या अंतरावर. त्याच अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात एके काळी मुलांना शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे नेते झाले आणि सरहद्दीवरच्या छावण्यांतून तरुणांनी शस्त्रे हाती घेतली. दोन्ही बाजूंना शस्त्रे होती, पण ती एकाच मापाने मोजता येत नाहीत. एकाचे शस्त्र गावाला वाकवण्यासाठी होते, दुसऱ्याचे गावाच्या रक्षणासाठी. आणि ते काम संपल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी शस्त्र खाली ठेवले, शेती धरली, शाळा काढल्या. बाबासाहेबांनी ज्याला कर्तव्य म्हटले ते याहून वेगळे काय असेल?

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याची रचना बारकाईने वाचली तर तो कायदा किती शहाणा आहे हे कळते. त्याच्या तेराव्या कलमात परवान्यांची एक उतरंड आहे. शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, घराच्या रक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक, या गोष्टी कायद्याने वरच्या पायरीवर ठेवल्या. अर्जदार अपात्र नसेल तर हे परवाने द्यावेत असा कल. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मात्र 'अन्य प्रकरणे' या खालच्या पायरीवर. तेथे परवाना देणाऱ्याची खात्री पटली पाहिजे की मागणाऱ्याकडे सबळ कारण आहे. न्यूयॉर्कची जी अट अमेरिकेत घटनाबाह्य ठरली, तिच्यावर आपला सारा कायदा उभा आहे. चौदाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे, ते तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने शेतमजूर आणि साखरसम्राट एकाच रांगेत आहेत.

प्रत्यक्षात ही उतरंड उलटी झाली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा लोक काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन शेतात जात होते. रात्रपाळीच्या विजेवर तुरीला, कांद्याला पाणी देणारा शेतकरी अंधारात एकटाच उभा राहत होता. अखेर तो बिबट्या डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात गोळी घालून मारावा लागला. रानडुकरांनी उभे पीक लोळवल्याची तक्रार तर डोंगरपट्ट्यात दरवर्षीची. ठासणीच्या बंदुकीची तरतूद ज्याच्यासाठी केली, तो हा माणूस. त्याला तहसील, पोलीस ठाणे आणि जिल्हा कचेरी यांच्या खेपा परवडत नाहीत. पिस्तुलाचा परवाना मात्र ज्याच्याकडे मोटार आहे, ठेका आहे, ओळख आहे, त्याला मिळतो. 'जिवाला धोका' असे कारण अर्जात लिहिले जाते. ज्याच्या जिवाला धोका आहे तो माणूस आपल्या पिस्तुलाची चित्रफीत काढून फिरवील, हे कोणत्या अधिकाऱ्याला पटले असेल?

यावर प्रतिवाद होतो आणि तो ऐकला पाहिजे. गुन्हेगाराचे गावठी कट्टे परवान्याचे नसतात; मग परवानाधारकाच्याच मागे का लागता? हा आक्षेप निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयापुढेही मुख्य चिंता बेकायदा शस्त्रांचीच होती. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी उत्तर प्रदेशातील एका जामीन अर्जाच्या निमित्ताने न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली. अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगणे हे मूलभूत स्वातंत्र्य आहे, आपल्या घटनाकारांनी असा अधिकार कोणालाही दिलेला नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याआधी अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ साली गणेशचंद्र भट्ट प्रकरणात शस्त्र बाळगण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातून निघतो असे मत दिले होते; पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते बाजूला सारले. आत्मरक्षणाचा अधिकार भारतीयाला आहेच. पूर्वीच्या दंडसंहितेत तो होता, आज भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण आत्मरक्षणाचा अधिकार म्हणजे पिस्तुलाचा अधिकार नव्हे.

कट्ट्याचा आक्षेप खरा धरला तरी परवान्याचे पिस्तूल एका बाबतीत त्याहून अधिक गंभीर आहे. कट्टा लपवावा लागतो. परवान्याच्या पिस्तुलावर सरकारचा शिक्का असतो. ते पाहणाऱ्या गावकऱ्याला निरोप मिळतो की या माणसामागे शासन उभे आहे. ज्याच्यावर गुन्हे नोंदलेले आहेत त्याच्या कमरेला असा शिक्का दिसला तर तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जाणार कोण? बीडमध्ये जे घडले त्यात सर्वाधिक हानी या विश्वासाची झाली आहे. हे कोणत्याही एका पक्षाच्या राजवटीचे पाप म्हणून हात झटकता येणार नाहीत. परवाने वर्षानुवर्षे दिले गेले, सरकारे बदलली, जिल्हाधिकारी बदलले, शिफारशीची चिठ्ठी तेवढी बदलली नाही. आपली माणसे सत्तेत असताना हे लिहिणे कडू वाटेल. पण ते न लिहिणे अधिक कडू ठरेल.

आता कारवाईचा दुसरा अंक. परवाना रद्द झाला की धारकाला अठराव्या कलमाखाली विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला अपील करता येते आणि त्यापुढे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहेच. सतराव्या कलमानुसार परवाना काढून घेताना कारणे लेखी नोंदवावी लागतात. केवळ गुन्हा दाखल आहे एवढ्याने परवाना रद्द करणे पुरेसे नाही, सार्वजनिक शांततेला धोका कसा हे दाखवले पाहिजे, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. लोकक्षोभ शमवण्यासाठी घाईने काढलेले छापील नमुन्याचे आदेश तेथे टिकणार नाहीत. वर्षभराने तेच पिस्तूल त्याच कमरेला परतले, तर त्याचा अर्थ गावात 'निर्दोष' असा नव्हे, 'अजिंक्य' असा लावला जाईल. म्हणून प्रत्येक प्रकरणात स्वतंत्र चौकशी, नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणमीमांसेसह आदेश, हा लांबचा वाटणारा मार्गच जवळचा आहे. ज्या परवानाधारकाविरुद्ध काहीही नाही, जो सेवानिवृत्त सैनिक बँकेच्या दारावर आपल्या बंदुकीवर पोट भरतो, त्याला या लाटेत चिरडणेही तितकेच गैर ठरेल.

कायद्यात एक फट मात्र आहे. परवाना नाकारताना कारण लिहा, असे तो बजावून सांगतो. मंजूर करताना सबळ कारणाबद्दल खात्री पटावी म्हणतो, पण ती खात्री कशाने पटली हे लिहून ठेवण्याची तितकी स्पष्ट सक्ती करीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, लग्न-वरातीत किंवा जाहीर समारंभात निष्काळजीपणे गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. हे सर्व इष्टच होते. पण मंजुरीची कारणे तशीच अंधारात राहिली. महाराष्ट्र शासनाला यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. जिल्हादंडाधिकाऱ्याने पिस्तुलाचा परवाना देताना अर्धे पान कारण लिहावे, नूतनीकरणाच्या वेळी ते कारण शिल्लक आहे काय हे पुन्हा तपासावे, आणि दरवर्षी तालुकावार किती परवाने दिले, किती नाकारले आणि किती कोणत्या प्रयोजनासाठी दिले एवढी संख्या तरी प्रसिद्ध करावी. नावे नकोत, नावे जाहीर केल्याने चोरांचे फावेल. हे काम परिपत्रकाने होऊ शकते.

आणि मागणी कोण करणार? बीडमध्ये शाखा आहेत, भजनी मंडळे आहेत, वाचनालये आहेत, वकील-प्राध्यापकांची घरे आहेत. देशमुख यांच्या हत्येनंतर जातीपातीच्या भिंती ओलांडून मोर्चे निघाले, त्यात ही सगळी मंडळी होती. मोर्चा एक दिवसाचा असतो. आपल्या गावातील कोणाला परवाना मिळाला, त्याचे प्रयोजन काय होते, मुदत केव्हा संपते, नूतनीकरणापूर्वी पोलिसांकडे लेखी हरकत कशी नोंदवावी, हे पाहणारे चार जाणते लोक प्रत्येक तालुक्यात निघाले, तर अधिकाऱ्याला चिठ्ठीपेक्षा कायद्याचा आधार घेणे सोपे जाईल. त्यासाठी धैर्य लागते हे खरे. सरपंचाला ते होते.

परवान्याच्या अर्जात शस्त्र कशासाठी हवे याचा एक रकाना असतो. बीडच्या बाराशेहून अधिक अर्जांत तो कोणी ना कोणी भरलेला आहे, त्याखाली पोलिसांचा अभिप्राय आहे आणि त्याखाली मंजुरीची सही आहे. अजून कोणी ते रकाने ओळीने वाचून दाखवलेले नाहीत.